वीसवरून सात, आणि सातवरच मुक्काम: सिगारेटकडून व्हेपकडे जाण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

श्री. म., वय ४६, कारखान्याच्या नियंत्रण कक्षात पाळीची नोकरी. (ओळख पटू नये म्हणून वय, काम आणि काही तपशील बदलले आहेत.) सिगारेट सव्वीस वर्षे, रोज सुमारे २०. पहिली सिगारेट उठल्यावर पाच मिनिटांच्या आत. या शेवटच्या तपशिलाला दिवसाच्या आकड्यापेक्षा जास्त किंमत द्यावी. रात्रभरात निकोटिन उतरलेले शरीर सकाळी किती घाई करते, यावरून अवलंबित्व किती खोल आहे ते कळते. निकोटिनचे अवलंबित्व मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम प्रश्नावलीत त्यांना दहापैकी आठ गुण होते.

काही वर्षांपासून सकाळी कफ आणि जिना चढताना धाप. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या तपासणीत, सीओपीडीची (श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याच्या आजाराची) सुरुवात दिसली. इनहेलर सुरू झाले आणि जोडीला श्वासनलिका मोकळ्या करणारी थिओफिलिनची गोळी, दिवसातून दोनदा. ही गोळी पुढे सगळ्यांना गाठणार होती.

सोडण्याचे आधीचे प्रयत्न तीन. दोनदा कसलाही आधार न घेता एकदम बंद, आणि दोन्ही वेळा तीन आठवड्यांच्या आत पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम घेतला, पण तो साध्या च्युइंग गमसारखा सलग चघळला. गममधले निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून शोषले जायला हवे. सलग चघळले की ते लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, छातीत जळजळते आणि तलफ जिथल्या तिथे राहते. गम थोडा चावायचा, चव तिखट झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव ओसरली की पुन्हा चावायचा, असे सुमारे अर्धा तास करावे लागते. शिवाय उठल्या उठल्या सिगारेट लागणाऱ्याला २ नव्हे, ४ मिलिग्रॅमचा गम द्यावा लागतो. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे "गम मला लागू पडत नाही" असे त्यांनी ठरवून टाकले.

कायद्याचे आधी सांगितलेले बरे. हे प्रकरण व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, कायदेशीर असलेल्या ठिकाणचे आहे. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. तिथल्या वाचकाला पुढे आलेल्या पर्यायांपैकी पॅच (त्वचेतून निकोटिन देणारी पट्टी), गम आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या हेच मार्ग आहेत.

अडचण

व्हेप त्यांनी स्वतःच निवडला. मोठी टाकी, ०.२ ओहम रोधाची कॉइल (लिक्विडने भिजलेल्या कापसाला तापवणारी तार), ६० ते ७० वॅट, आणि दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटिनचे लिक्विड. निकोटिन जितके कमी तितके बरे, असा त्यामागचा हिशोब. या निवडीत दोन चुका होत्या आणि नव्याने व्हेपकडे वळणारे बरेच जण नेमक्या याच करतात.

पहिली चूक साधनाची. सिगारेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो आणि मग छातीत नेतो. इतक्या कमी ओहमचे साधन थेट छातीत ओढण्यासाठी बनवलेले असते. त्यावर सिगारेटच्या सवयीने आखूड, जोरकस झुरका मारला की ठसका तरी लागतो, नाहीतर लिक्विड कॉइलमध्ये जास्त खेचले जाऊन गुळगुळ आवाज येतो आणि गरम थेंब जिभेवर उडतात. श्री. म. यांच्या बाबतीत दोन्ही झाले.

दुसरी चूक समजुतीची. निकोटिन चटक लावते, नाडीचा वेग वाढवते, ते निर्धोक मुळीच नाही. पण सिगारेटने फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या खराब होतात त्या मुख्यतः जळण्यामुळे. झुरका घेताना सिगारेटचे टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि डांबर, कार्बन मोनॉक्साइड व हजारो इतर रसायने तयार होतात. व्हेपमध्ये तंबाखू नसतो आणि काही जळत नाही. कॉइल तापून प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचा फवारा होतो. म्हणून सिगारेटवरून येणाऱ्याने सुरुवातीला निकोटिन कमी ठेवले की उरलेली भूक सिगारेटच भागवते.

तसेच झाले. वीसवरून आकडा सातवर आला आणि तिथेच बसला. सात आठवडे हलला नाही. घरचे खूश, सहकारी खूश, आणि श्री. म. म्हणायचे, "सात म्हणजे काहीच नाही."

श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या तपासणीने हे खोडून काढले. वीस सिगारेटींच्या काळात यंत्र २६ पीपीएम (दहा लाख भागांत २६ भाग) दाखवत होते. सात सिगारेटींवर ते ९-१० दाखवेल अशी अपेक्षा होती. आले १७. कारण उघड आहे: सिगारेटी कमी झाल्या की उरलेल्या सिगारेटीतून माणूस जास्त काढतो. झुरके लांबतात, धूर छातीत जास्त वेळ थांबतो, थोटूक बोटांना चटका बसेपर्यंत ओढले जाते. हृदयाचा हिशोब तर याहून वाईट. २०१८मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. सात सिगारेटी आणि वर व्हेप, ही धूम्रपान सोडण्याची अर्धी वाट मानायचे कारण नाही.

कोणते पर्याय होते

पहिला, आहे तसेच चालू ठेवून सातवरून हळूहळू खाली येणे. हा श्री. म. यांना सगळ्यांत आवडणारा होता आणि सगळ्यांत आधी बाद झाला. सात आठवडे तेच करून पाहिले होते.

दुसरा, व्हेप बाजूला ठेवून २१ मिलिग्रॅमचा पॅच आणि जोडीला ४ मिलिग्रॅमचा गम, या वेळी बरोबर पद्धतीने. तिसरा, तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनची गोळी: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. डॉक्टरांचा कल या दोहोंकडे होता. त्यांचा मुद्दा असा की या औषधांचे परिणाम, दुष्परिणाम आणि मात्रा वर्षानुवर्षे तपासलेल्या आहेत. व्हेपचा वीस-तीस वर्षांचा परिणाम कोणालाच माहीत असणे शक्य नाही, आणि इथे तर श्वासनलिका आधीच आजारी. श्री. म. यांनी गमला साफ नकार दिला. व्हॅरेनिक्लिनने मळमळ होते आणि विचित्र स्वप्ने पडू शकतात हे ऐकल्यावर, रात्रपाळीमुळे आधीच विस्कटलेली झोप आणखी बिघडवायला ते तयार नव्हते.

चौथा, व्हेपच ठेवायचा, पण नीट बसवायचा आणि सिगारेट ठरलेल्या दिवशी शून्यावर आणायची. या बाजूने पुरावा होता. २०१९मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत समुपदेशनासह व्हेप वापरणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक वर्षअखेर सिगारेटमुक्त होते, तर पॅच-गमसारखी साधने वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. त्याच चाचणीत असेही दिसले की व्हेपने सुटलेल्यांपैकी बहुतेक जण वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. डॉक्टरांनी दोन्ही आकडे समोर ठेवले, आणि ते योग्यच होते.

२०१९मध्ये अमेरिकेत व्हेप वापरणाऱ्यांना झालेल्या फुप्फुसाच्या गंभीर आजाराचा प्रश्नही निघाला. त्याचा संबंध मुख्यतः गांजातील टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या अनधिकृत लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटशी जोडला गेला. त्यातून नियम ठरला: लेबल आणि उत्पादकाचे नाव नसलेले लिक्विड घ्यायचे नाही, लिक्विडमध्ये तेलकट काही मिसळायचे नाही.

निर्णय चौथ्याचा झाला, दुसऱ्यातला पॅच जोडून. पॅच सकाळसाठी. २४ तासांचा पॅच अंगावर असला की डोळे उघडतानाच रक्तात थोडे निकोटिन असते आणि पहिल्या पाच मिनिटांची घाई कमी होते.

काय केले

मोठे साधन बंद करून लहान पॉड (कमी वॅटचा छोटा व्हेप) आणला: १.० ओहमची कॉइल, १२ वॅट, २ मिलिलिटरची टाकी. लिक्विड निम्मे प्रोपिलिन ग्लायकॉल, निम्मे ग्लिसरीन, आणि निकोटिन सॉल्ट दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. ही युरोपीय संघाच्या नियमांतली कमाल मर्यादा आहे. साधे निकोटिन इतक्या तीव्रतेला घसा खरवडते. सॉल्टमध्ये आम्ल मिसळल्याने ते सौम्य लागते, म्हणून जास्त ओढणाऱ्याला ते सोसते. जाड, ७० टक्के ग्लिसरीनचे लिक्विड अशा लहान कॉइलच्या कापसात पुरेसे झिरपत नाही, तेव्हा जुन्या बाटल्याही बाद.

नवी कॉइल बसवल्यावर टाकी भरून दहा मिनिटे तशीच ठेवायची. कापूस पूर्ण भिजायच्या आत बटण दाबले तर वात करपते, आणि एकदा करपलेली कॉइल टाकूनच द्यावी लागते, धुऊन सुधारत नाही. झुरका हलका आणि लांब, तीन-चार सेकंद. दोन झुरक्यांत निदान पंधरा सेकंद. सिगारेट पेटली की संपेपर्यंत ओढायची असते. व्हेपला असा शेवट नसतो, त्यामुळे पहिल्या दिवसांत तलफ येईल तेव्हा चार-सहा झुरके घेऊन खाली ठेवायचा, हेही सांगावे लागले. निकोटिन रक्तात चढायला सिगारेटपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. झुरक्यानंतर लगेच समाधान नाही म्हणून सिगारेटकडे हात जाऊ नये, थोडा दम धरावा.

सिगारेट बंद करण्याचा दिवस सुट्टीचा निवडला. आदल्या रात्री घरातली पाकिटे, लायटर, रक्षापात्र बाहेर गेले. पॉड चार्ज करून उशाशी. लिक्विड कुलपात: १० मिलिलिटरच्या एका बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटिन असते, ते लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. हाताला सांडले तर लगेच धुवायचे.

पहिला आठवडा: दोष कोणाचा?

पहिले चार दिवस अपेक्षेपेक्षा सोपे गेले. पाचव्या दिवसापासून हात थरथरायला लागले, मळमळ, छातीत धडधड, झोप उडालेली. घरच्यांनी व्हेपला दोष दिला. श्री. म. यांचे म्हणणे, "सिगारेटने असे कधी झाले नव्हते." एका अर्थाने ते खरेच होते.

अंदाज पहिल्यांदा निकोटिन जास्त झाल्याचाच आला. पॅच आणि २० मिलिग्रॅमचे लिक्विड एकत्र, म्हणजे शंका रास्त. पण निकोटिन शरीरातून लवकर उतरते, दर दोनेक तासांत निम्मे. मळमळ, गरगर, घाम हे निकोटिनमुळे असेल तर व्हेप थांबवून पॅच काढल्यावर काही तासांत फरक पडायला हवा. फोनवर तसे करायला सांगितले. सहा तासांनीही धडधड तशीच. तेव्हा थिओफिलिनकडे लक्ष गेले.

सिगारेटच्या धुरातली पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन ही द्रव्ये यकृतातल्या सीवायपी१ए२ या एन्झाइमला जास्त कामाला लावतात. तेच एन्झाइम थिओफिलिन मोडते. सिगारेट ओढणाऱ्याला म्हणूनच जास्त डोस लागतो. धूर थांबला की काही दिवसांत एन्झाइम मंदावते आणि तोच डोस अंगात साठत जातो. निकोटिनचा याच्याशी संबंध नाही, त्यामुळे पॅच किंवा व्हेप ही उणीव भरून काढत नाही. वीसवरून सातवर येताना हे का जाणवले नाही, याचेही उत्तर यातच आहे: एन्झाइमला चेतवत ठेवायला सात सिगारेटींचा धूर पुरेसा होता.

रक्ततपासणीत थिओफिलिन लिटरला २४ मिलिग्रॅम निघाले. प्रयोगशाळेची नेहमीची मर्यादा १० ते २०. डॉक्टरांनी डोस सुमारे एक तृतीयांशाने कमी केला, आठवड्याने पातळी १५वर आली, थरथर थांबली. कॉफीही निम्म्यावर आणली, कारण कॅफिनही त्याच एन्झाइमने मोडते. सिगारेट सोडल्यावर चिडचिड आणि निद्रानाश झाला की बहुतेक जण तो तलफेच्या खात्यावर टाकतात. त्यातला काही भाग नेहमीच्या चार कप कॉफीचा असू शकतो. मनोविकारांवरच्या क्लोझापिन आणि ओलांझापिन या औषधांचेही असेच होते. ही औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता सिगारेट सोडू नये. अर्थात डोस स्वतःहून कमी-जास्त करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

करपलेली कॉइल

तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीत कॉइल गेली. जळक्या कापसाची, घशाला चावणारी चव. अशा कोरड्या झुरक्यात अॅल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये वाढतात, म्हणून ती चव आली की ओढणे लगेच थांबवायचे. श्री. म. थांबले. सुटी कॉइल घरी होती. पहाटे चारला त्यांनी सहकाऱ्याकडून दोन सिगारेटी घेतल्या.

कॉइल इतक्या लवकर जाण्याचे कारण लिक्विड. तंबाखूच्या चवीचे त्यांना आवडले नाही, म्हणून त्यांनी गोड, मिठाईच्या चवीचे आणले होते. त्यातले सुक्रालोज हे गोडी आणणारे द्रव्य तापून कॉइलवर काळी साय धरते. एरवी एक-दोन आठवडे चालणारी कॉइल चार-पाच दिवसांत जाते. वर पाळीतल्या ताणात एकामागून एक झुरके, म्हणजे कापसाला भिजायला उसंत नाही.

इथे निर्णयाची जागा होती: बंद करण्याचा दिवस पुन्हा ठरवायचा, की त्या दोन सिगारेटी झाल्या म्हणून सोडून द्यायच्या? दुसरे केले. नवी तारीख दिली की ती येईपर्यंतच्या दिवसांत ओढायची मोकळीक मिळते. लिक्विड पुदिन्याचे, गोडी नसलेले घेतले. कामाच्या पिशवीत दोन सुट्या कॉइल, दुसरा चार्ज केलेला पॉड, केबल आणि लहान बाटली कायमची गेली. त्यानंतर वर्षभरात सिगारेट नाही.

निकोटिन उतरवताना

आधी पॅच की आधी व्हेप? पॅच आधी उतरवला: २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, १४ दोन, ७ दोन. व्हेप आधी काढला असता तर अचानक येणाऱ्या तलफेला हाताशी काहीच उरले नसते.

चौथ्या महिन्यात लिक्विड २०वरून एकदम १०वर आणले. आठवडाभरात रोजचे २ मिलिलिटर ४वर गेले. गुणाकार केला की दिसते: दोन्हीकडे ४० मिलिग्रॅम. निकोटिन तेवढेच, फवारा मात्र दुप्पट छातीत. लेबलवरचा आकडा पाहून समाधान मानले असते तर हे लक्षातही आले नसते. म्हणून बाटली किती दिवसांत संपते हे लिहून ठेवायला लावले. मग २० आणि १०चे समान भाग मिसळून १५ केले, सहा आठवडे तेच ठेवले, नंतर १०, नंतर ६. पुढची पायरी उतरायची अट एकच: सलग दोन आठवडे मिलिलिटर वाढलेले नसावेत. जोडीला जागांचे नियम केले, आधी झोपायची खोली वर्ज्य, मग गाडी.

निष्पत्ती

वर्षअखेर कार्बन मोनॉक्साइड २ पीपीएम. हा आकडा फक्त सिगारेट बंद असल्याचे सांगतो. व्हेपमधून हा वायू जवळपास येतच नाही, तेव्हा व्हेप किती चालू आहे ते या यंत्राला कळत नाही. कोटिनिनची (निकोटिन मोडून शरीरात तयार होणाऱ्या द्रव्याची) तपासणी केली तर ती अजूनही 'निकोटिन वापरतात' असेच दाखवेल, विम्याच्या तपासणीत हे लक्षात ठेवावे लागते. सकाळचा कफ बराच कमी. स्पायरोमेट्रीचे आकडे होते तिथेच. सीओपीडीत गेलेली क्षमता परत येत नाही, ऱ्हासाचा वेग तेवढा मंदावतो, हे श्री. म. यांना आधीच सांगितले होते म्हणून निराशा झाली नाही. वजन चार किलो वाढले. घसा कोरडा पडतो. आणि ते अजून व्हेप ओढतात: ६ मिलिग्रॅमचे लिक्विड, रोज ३ मिलिलिटरच्या आसपास.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यांत मोठी त्रुटी औषधांच्या यादीची. थिओफिलिन फाइलवर लिहिलेले होते, सिगारेट बंद करण्याची तारीखही लिहिलेली होती, दोन्ही एकत्र कोणी वाचले नाही. बंद करण्याच्या दिवसाआधी रक्तातली पातळी, आणि नंतर आठवड्याभरात पुन्हा, एवढे ठरवले असते तर ते पाच-सहा दिवस वाचले असते. याच दिवसांत ते सिगारेटकडे परतण्याच्या सगळ्यांत जवळ होते.

सातवर अडकलेले सात आठवडेही टाळता आले असते. सिगारेट आणि व्हेप दोन्ही चालू ठेवण्याला पहिल्याच भेटीत मुदत घालायला हवी होती, दोन आठवडे, फार तर चार. साधन नवखे असताना तेवढी सवलत समजण्यासारखी आहे. कार्बन मोनॉक्साइड दर भेटीत मोजले असते तर "सात म्हणजे काहीच नाही" हे वाक्य पहिल्याच महिन्यात पडले असते.

पॅचबाबत मतभेद राहिला. डॉक्टरांना आजही वाटते की बरोबर वापरलेला गम आणि पॅच एवढ्यावर भागले असते आणि आज व्हेप सोडवण्याचे काम उरले नसते. धूम्रपान सोडण्यासाठी मार्गदर्शन करणाऱ्या समुपदेशकांचे मत, गमचे नाव काढताच श्री. म. पुढच्या भेटीला आले नसते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. व्हेप बंद करण्याची तारीख मात्र सुरुवातीलाच कागदावर यायला हवी होती, यावर दोघे एकमत आहेत. ती आली नाही, म्हणून ६वरून ३वर जाणे दोन महिने रेंगाळले आहे.

पुढची योजना ३ मिलिग्रॅम आठ आठवडे, मग शून्य निकोटिनचे लिक्विड फार तर महिनाभर, मग बंद. वाटेत सिगारेटची इच्छा बळावली तर एक पायरी वर जायचे. फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईने नोंद आहे: सिगारेट पुन्हा सुरू झाली तर थिओफिलिनची पातळी घसरेल, धाप वाढण्याची वाट न पाहता रक्त तपासावे.